आठल्ये मास्तर कॉलेज बघतात

आठल्ये मास्तरांचा संताप सकाळी त्यांच्या आधी उठायचा. मास्तर खोलीचं दार उघडून बाहेर येत, तोवर तो ओसरीवर येऊन बसलेला असे आणि दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक हेरत असे. कावळा असो, पोस्टमन असो, चुलीतलं ओलं सरपण असो, मास्तर त्याच्यासमोर ताठ उभे राहत, उपरण्याचं टोक खांद्यावर टाकत आणि म्हणत, "माझा निषेध नोंदवून घ्या."

एकदा रेवसला आम्ही मचव्यात बसलो होतो आणि मचवा काही हलेना. मास्तरांनी मचवा चालवणाऱ्या तांडेलाला कारण विचारलं.

"भरती न्हाय, मास्तर. पानी चढल्याबिगर मचवा हालत न्हाय."

"भरतीची वेळ मी काल पंचांगावरून काढली आहे. साडेसात. आता सात पस्तीस झाले."

"झाले आसतील."

"मग माझा निषेध नोंदवून घे."

तांडेलानं विडी कानावर ठेवली. "घेतो की. पन पोचवू कुनाकडं, ते सांगा. दर्याकडं की चांदोबाकडं?"

मास्तर रागावले नाहीत. "मुद्दा बरोबर आहे," म्हणाले आणि पाणी चढायची वाट बघत बसले. निषेध पोचवायचा कुणाकडे, हीच त्यांची जन्माची अडचण होती.

मी शाळेत शिपाई म्हणून लागलो त्या पहिल्याच दिवशी मास्तरांच्या टेबलावरचा खडू कावळ्यानं पळवला. मास्तर कडाडले, "शिवराम, माझा निषेध नोंदवून घे." मी नवा, भ्यालेला. मला वाटलं, इंग्रजी शाळेत शिपायाला हेही काम असतं. मी एक जुनी वही मागून घेतली आणि जमेल तसं लिहिलं: आज कावळ्यावर निषेध, खडूबद्दल. संध्याकाळी ती ओळ मास्तरांनी पाहिली. हसतील किंवा हाकलतील, अशा तयारीनं मी उभा होतो. ते दोन्ही करेनात. "किती शिकलास?" त्यांनी विचारलं.

"मराठी तिसरी, जी."

"पुढं का नाही?"

"बाप गेला, जी."

"हा कसला न्याय," मास्तर म्हणाले. माझ्या बापाच्या मरणावर एवढं रागावलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या गावी लोक फक्त हळहळले होते.

माझं गाव बार्शीकडं. तिथून मुंबईला गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका सोबत्याच्या मागून इकडं कुलाबा जिल्ह्यात मिठागरावर. मिठागराचं काम माझ्या पायांना सोसेना, तळवे फुटले. रेवसहून अलिबागेला जाणाऱ्या रस्त्यावर, एका शाळेच्या पायरीवर मी पाय धरून बसलो होतो, तेव्हा आतून आठल्ये मास्तर बाहेर आले आणि पायरीवर बसू देणाऱ्या, पण औषध न देणाऱ्या साऱ्या गावाचा निषेध करून त्यांनी मला आत नेलं. ते तिथले हेडमास्तर होते. बी.ए. झालेले, पंचेचाळिशीचे, एकटे. मी त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा. तेव्हापासून मी जे काही आहे ते त्या पायरीमुळे, आणि ती पायरी कुणी काढून घेईल की काय, या भीतीत मी रोज घंटा देत होतो.

ही भीती तीन वर्षांनी खरी व्हायची वेळ आली. शाळाखात्याचे इन्स्पेक्टर आले, मुलांना कविता म्हणायला लावून खूश झाले, शहाळ्याचं पाणी प्याले आणि शेऱ्याच्या पुस्तकात लिहून गेले की, हेडमास्तर अध्यापनाच्या पदवीचे म्हणजे बी.टी. नाहीत; पुढच्या जूनपर्यंत त्यांनी कॉलेजात नाव घालावं, नाहीतर इंग्रजी सहावी आणि सातवी बंद कराव्यात. सातवी म्हणजे मॅट्रिक. ती बंद म्हणजे आमच्याकडच्या भातशेतीवाल्यांच्या पोरांचं शिक्षण पाचवीलाच संपलं.

मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. "एकोणीस वर्षं मी शिकवतो आहे. एकोणीस वर्षं भाकऱ्या थापणाऱ्या बाईला विचारा, बाई, भाकरीचं सर्टिफिकेट कुठाय?"

शाळेच्या कमिटीचे चेअरमन बापूसाहेब वकील अलिबागेहून आले. गोड माणूस, गोड बोलून माणसाला दाराबाहेर नेऊन ठेवणारा. ते म्हणाले, "आठल्ये, तुम्हाला त्रास नको. आमचे भाचेजावई बी.टी. होऊन बसलेच आहेत. ते येतील, तुम्ही दुय्यम म्हणून राहा. त्यांच्याबरोबर त्यांचा माणूसही येईल, शिपायाची सोय होईल."

शिपायाची सोय म्हणजे माझी गैरसोय, हे मला खिडकी पुसता पुसता कळलं. माझ्या हातातलं फडकं थांबलं.

"भाचेजावयांना शिकवता येतं?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, बी.टी. आहेत."

"मी ते नाही विचारलं."

बापूसाहेब हसले. "मग तुम्ही जा बुवा कॉलेजात. जूनपर्यंत वेळ आहे. आम्हाला काय, शाळा चालली की झालं."

म्हणजे सगळं एका गोष्टीवर आलं. जूनच्या आत मास्तरांनी एक कॉलेज निवडायचं. माणसं एका सुपारीच्या खांडात जेवढा विचार करतात, तेवढ्यात होण्यासारखं काम. मास्तरांना त्याला आठ महिनेही पुरले नाहीत.

त्यांनी चार कॉलेजांना पत्रं लिहिली. लांबलचक, इंग्रजीतून. मी ती टपालात टाकायचो. कॉलेजांची माहितीपत्रकं आली की मास्तर ती तांदूळ निवडावेत तशी निवडायला बसत. घाटावरच्या एका कॉलेजाचं पत्रक चाळीस पानांचं होतं. मास्तरांनी लाल पेन्सिल घेऊन ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग मला बोलावलं. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, कुणीतरी गेलं.

"शिवराम, या चाळीस पानांत मूल हा शब्द किती वेळा आला असेल?"

"शंभर?"

"दोनदा. एकदा प्रस्तावनेत. आणि दुसऱ्यांदा, ऐक, 'वसतिगृहात मुलं आणण्यास सक्त मनाई आहे.' "

ते कॉलेज बाद झालं.

मुंबईच्या कॉलेजात ते स्वतः गेले. नाव सांगत नाही. तिथली माणसं भली असावीत, कारण त्यांनी मास्तरांना वर्गात बसू दिलं. व्याख्यान होतं विद्यार्थ्यांचं लक्ष कसं टिकवावं यावर. मास्तर शेवटच्या बाकावर बसले. त्यांच्या पुढचे तिघे भावी शिक्षक झोपले होते. मास्तरांनी पाच मिनिटं वाट पाहिली, मग एकेकाला खांदा हलवून उठवलं आणि व्याख्यात्यांना म्हणाले, "आता पुन्हा पहिल्यापासून सांगा. यांचं राहिलं." त्यानंतर त्यांना जिना दाखवण्यात आला.

"जिनासुद्धा अरुंद आहे," परत आल्यावर ते म्हणाले. "बाद."

तिसऱ्या कॉलेजाचं पत्रक मला चांगलं वाटलं. आत इमारतीचं चित्र होतं, समोर बाग. मास्तरांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. "बागेत एकही पोर नाही. झाडं शिकवतात वाटतं." बाद.

मला हे कळेना. मार्च उजाडला होता. बापूसाहेब अलिबागेहून चिठ्ठ्या धाडत होते आणि एकदा आले तेव्हा भर ओसरीवर म्हणाले, "आठल्ये, कॉलेज बघताय की मुलगी? मुलगीसुद्धा इतकी कुणी बघत नाही. नाकच नकटं, चालच तिरकी."

"मुलगी बघायला गेलो असतो तर तिनं मला नापसंत केलं असतं," मास्तर म्हणाले. "इथं निदान नापसंत मी करतो."

"पालीच्या बल्लाळेश्वराला जाऊन कौल लावा. तो सांगेल ते कॉलेज."

"बल्लाळेश्वर बी.टी. आहे काय?"

बापूसाहेबांनी कानावर हात ठेवले. मी आत जाऊन देवाची माफी मागितली. मास्तरांच्या वतीनं मला हे वरचेवर करावं लागे.

तरी मास्तर तयारी करत नव्हते, असं नाही. कॉलेजात घेण्याआधी उमेदवाराला नमुन्याचा पाठ द्यावा लागतो. पाठाच्या पाच पायऱ्या असतात, त्या तशाच चढाव्या लागतात. मधेच एखादी चुकली की पाठ नापास, मग मुलाला कळलेलं असलं तरी. या पाच पायऱ्यांवर मास्तरांचा सर्वांत मोठा राग. "पोराला दुसऱ्या पायरीवरच कळलं तर उरलेल्या तीन पायऱ्यांवर त्याला काय उचलून न्यायचं?" पण सराव हवा. आणि सरावाला वर्ग हवा. शाळा सुटली की मुलं घरी पळत. उरलो मी.

"शिवराम, केरसुणी ठेव. तू वर्ग आहेस."

अशी माझी शाळा पुन्हा सुरू झाली. मी एकटा, पण मास्तर वर्गात शिरताना "मुलांनो, बसा" असंच म्हणत. पहिल्या बाकावर बसलो की मी हुशार मुलगा. मधल्या बाकावर गेलो की खिडकीबाहेर बघणारा. शेवटच्या बाकावर गेलो की काहीच न कळणारा. एका पाठात मला आठ-दहा वेळा बाक बदलावा लागे, आणि पहिल्या बाकावरच्या हुशार मुलानं प्रश्नाला उत्तर दिलं की मधल्या बाकावर जाऊन त्याच्यावर जळावंही लागे. हुशार मुलाचं काम मला जड जायचं. शेवटच्या बाकाचं बसल्या बसल्या जमायचं. पण एकदा तिथं बसून मी चुकून बरोबर उत्तर दिलं, तर मास्तर वैतागले.

"शिवराम, तू आत्ता मागच्या बाकावर आहेस. तुला इतक्यात कळता कामा नये."

"पण कळलं, जी."

"मग पुढं ये. आणि मागं कुणालातरी बसव."

मागं बसवायला कोण होतं? मीच परत जाऊन बसलो आणि मला कळेनासं झालं.

मास्तरांचं सारं लक्ष त्या शेवटच्या बाकाकडं. तिथून "नाही कळलं, मास्तर" असं आलं की त्यांचा दिवसभराचा राग कुठं जायचा कोण जाणे. खडू घेऊन ते बाकांच्या मधून चालत येत, माझ्याशेजारी टेकत आणि तेच पुन्हा सांगत. दुसऱ्या वाटेनं, मग तिसऱ्या. त्या काही महिन्यांत मी मराठी तिसरीवरून मराठी सहावीच्या पुस्तकांवर आलो. तीसपर्यंतचे पाढे झाले. नकाशात बार्शी सापडली. मला वाटे, मास्तरांचा सराव चाललाय. त्यांच्या सरावात आपलं फुकट भलं होतंय, हे कुणाला कळायला नको, म्हणून मी गप्प असायचो.

एप्रिलात चौथ्या कॉलेजानं पाठासाठी बोलावलं. हे एका संस्थानातलं होतं, बोटीनं मुंबई आणि तिथून रात्रभर रेल्वे. मास्तर नको म्हणायला लागले होते. त्या गावाच्या पाण्यात चुना फार, असं कारण त्यांना सापडलं होतं. मी जन्मात पहिल्यांदा त्यांची ट्रंक न विचारता भरली. "मी येतो, जी. ट्रंक जड आहे." ट्रंकेत दोन धोतरं आणि एक तांब्या होता.

पाठ होता भरती-ओहोटीवर. कॉलेजाला जोडलेल्या सरावशाळेतल्या चाळीस मुलांसमोर. प्रिन्सिपॉलसाहेब भिंतीशी खुर्ची टाकून बसले, हातात कागद. त्यावर पाच पायऱ्यांची पाच घरं आखलेली. मी मागच्या दाराबाहेर व्हरांड्यात ट्रंकेवर बसलो. दार उघडं होतं.

मास्तरांनी पाठ चांगला चालवला. ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांच्यासमोर त्यांनी आमची अख्खी खाडी उभी केली. तांब्यातल्या पाण्यानं, दोऱ्याला बांधलेल्या लिंबाच्या चंद्रानं. चंद्र पाणी ओढतो, पाणी फुगतं, मचवे हलतात. पहिल्या बाकावरची मुलं हात वर करून करून उत्तरं देत होती. प्रिन्सिपॉलसाहेबांची पेन्सिल एकेका घरात बरोबरची खूण करत होती. चार पायऱ्या झाल्या. आता पाचवी झाली की सुटलो, असं म्हणून मी देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात मास्तरांनी सवयीनं वर्गावरून नजर उचलली आणि लांब मागं बोट केलं. "आणि मागचा बाक? मागच्या बाकाला कळलं?"

मागचा बाक रिकामा होता. त्या शाळेत चाळीसच मुलं आणि बाक जास्त. पण इतक्या महिन्यांची सवय वाईट. मी व्हरांड्यातून उठलो, दारात येऊन हाताची घडी घातली आणि मोठ्यानं म्हणालो, "नाही कळलं, मास्तर."

चाळीस माना वळल्या. मग हशा. पण उभा राहिलोच होतो, आणि खरंच कळलं नव्हतं, म्हणून तसाच बोलत राहिलो. "चंद्र एकच आहे, जी. मग आपल्या खाडीला दिवसातून दोनदा भरती का? चंद्राच्या बाजूचं पाणी फुगलं, ते समजलं. पलीकडच्या बाजूचं कोण फुगवतं?"

हशा थांबला. मास्तरांच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा भाव आला, राग उतरल्यावरचा. खडू घेऊन ते बाकांच्या मधून चालत मागं आले. लिंबू त्यांनी एकदा या बाजूला धरलं, एकदा त्या बाजूला. एक वाट झाली, दुसरी झाली. तास संपल्याची घंटा झाली. मुलं हलली नाहीत. शेवटी मास्तर लिंबू खिशात टाकून म्हणाले, "मुलांनो, याचं उत्तर पुस्तकात आहे आणि ते मी पाठ केलेलं आहे. पण याला कळेल असं सांगणं मला अजून जमलेलं नाही. मी शोधून सांगेन."

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या कागदावर पाचवं घर मोकळंच राहिलं.

त्यांनी आम्हाला दोघांनाही आपल्या खोलीत बोलावलं. मी आधीच हात जोडले. "साहेब, चूक माझी. मास्तरांचा पाठ चांगला झाला होता, मीच अडाण्यासारखा—"

"हेच का ते?" साहेबांनी मास्तरांना विचारलं. मराठीच माणूस, आवाज शांत. "तुमच्या पत्रातल्या पाचव्या प्रश्नातले गृहस्थ?"

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. मधल्या बाकावरच्या मुलासारखे.

"कुठला प्रश्न, जी?" मी म्हणालो.

साहेबांनी फाइलीतून मास्तरांचं पत्र काढलं. पहिले चार प्रश्न फळ्याबद्दल, पाण्याबद्दल, ग्रंथालयाबद्दल आणि वसतिगृहाबद्दल होते. पाचवा त्यांनी मला मराठी करून सांगितला. "माझ्याजवळ एक विद्यार्थी आहे. वय एकतीस. मराठी तिसरीतून परिस्थितीनं शाळा सुटली. सध्या माझ्याकडं पुढची पुस्तकं वाचतो. मी तुमच्याकडं आलो तर वर्षभर त्याला तुमच्या सरावशाळेत शेवटच्या बाकावर बसू द्याल काय? तो घंटा देईल, पाणी भरील."

पत्राचा कागद साहेबांनी खाली ठेवला. "आठल्ये, तुम्हाला जागा देतो. पाठ नियमात बसला नाही, पण देतो. या पाचव्या प्रश्नाला मात्र नाही म्हणणं भाग आहे. सरावशाळेत चौदा वर्षांवरचा मुलगा घेता येत नाही. आणखी कुठं विचारलंत?"

"बाकी तिन्ही ठिकाणी," मास्तर खिडकीकडं तोंड करून म्हणाले.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

म्हणजे ती चाळीस पानं, तो अरुंद जिना, ती पोरांवाचूनची बाग. मला सगळं एकदम दिसलं. साहेबांनी प्रवेशाचा फॉर्म पुढं सरकवला. मास्तर म्हणाले, "विचार करून कळवतो," आणि बाहेर पडले. पाण्यातल्या चुन्याबद्दल पुटपुटत.

व्हरांड्यात मी त्यांच्या आडवा आलो. मी, ज्यानं तीन वर्षांत त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता.

"हे बरोबर नाही, मास्तर."

"काय बरोबर नाही?"

"गावातल्या पोरांची सहावी-सातवी जाणार. तुमची शाळा त्या भाचेजावयाच्या हातात जाणार. आणि तुम्ही माझ्यापायी आठ महिने कॉलेजांना नावं ठेवत बसलात. मला विचारलंत? मला कुणी विचारलं? मी कोण लागून गेलो? पायरीवर बसलेला माणूस मी. एक वर्ष नाही शिकलो तर काय बुडतंय?"

"तुझ्यापायी?" मास्तर माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. "तुझ्यापायी म्हणून कोण म्हणतो? वर्षभर मी काय करायचं? दुसऱ्यांची व्याख्यानं ऐकायची? संध्याकाळी खोलीवर येऊन भिंतीला शिकवायचं? एकोणीस वर्षांत मी एक संध्याकाळ—" ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बऱ्याच हळू आवाजात म्हणाले, "मी शिकवायचं कुणाला, ते सांग."

गप्प बसलो तर ते ट्रंक उचलून चालायला लागतील, म्हणून मी जे सुचलं ते बोललो. "परत आल्यावर मला."

"तोवर विसरशील सगळं."

"नाही विसरणार."

"कशावरून?"

"कशावरूनही, जी. फॉर्म भरा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग आत गेले आणि फॉर्मवर सही केली. सही करताना टाकाच्या निबाबद्दल काहीतरी बोलले, पण त्यात जोर नव्हता.

इन्स्पेक्टरांनी वर्षाची मुदत दिली. दुय्यम मास्तरांकडं शाळा सोपवली गेली, शिपाई तोच राहिला, आणि बापूसाहेबांच्या भाचेजावयांना कळवण्यात आलं की जागा रिकामी नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी मास्तरांना पोचवायला रेवसला गेलो. धक्क्यावर सुक्या बोंबलांच्या पाट्या घेऊन कोळणी बसलेल्या, मुंबईकडं जाणारी माणसं, आभाळ खाली आलेलं. रस्ताभर मास्तर एका अक्षरानं कशावर रागावले नव्हते. बोट उशिरा आली, तरी नाही.

ते बोटीत चढले. दोर सुटला. बोट दहा-पंधरा हात गेली असेल, तेवढ्यात मास्तर एकदम कठड्याशी आले.

"शिवराम, सत्तावीस सत्ते?"

धक्क्यावरची सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. एकतीस वर्षांचा बाप्या, डोक्याला मुंडासं. मी हाताची घडी घातली आणि ओरडलो, "एकशे एकोणऐंशी."

इंजिनाची धडधड. मास्तरांनी कानामागं हात धरला.

"काय इचारतंय मास्तर?" एका कोळणीनं विचारलं.

"पाढा विचारतात."

"मंग सांग की जोरात. म्हातारा चाललाय." ती पाटीवरून उठलीच. "काय आकडा बोललास? ए बाय, उठा गो, मास्तरला आकडा सांगा." आणि त्या पाच-सहा जणी तोंडाला हात लावून एकदम ओरडल्या, "एकशे एकूनऐंशी". मागं उभा असलेला हमालही ओरडला. कुणीतरी टाळी दिली. माणसं हसत होती, मीही हसत होतो.

बोटीवर मास्तरांनी मान डोलावली. दोनदा. मग वळून आत जाऊन बसले.

मी परतीला लागलो. शाळेची किल्ली माझ्या कनवटीला होती; पोचून घंटा द्यायची होती. अर्ध्या वाटेवर, चालता चालता उगाच, मी सत्तावीसचा पाढा पहिल्यापासून म्हटला. सत्तेपाशी पाय थांबले. पुन्हा म्हटला. एकशे एकोणनव्वद. मी दहानं चुकलो होतो आणि माझ्याबरोबर सगळा धक्का चुकला होता. नाही विसरणार, असं सांगून दोन महिनेही झाले नव्हते. मला वाटलं, बरं झालं, इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. ऐकू गेलं असतं तर त्यांनी बोट परत फिरवली असती.

तरी मला चैन पडेना. शाळा सुटल्यावर मी पोस्टकार्ड आणलं आणि पहिल्यांदा कुणाला तरी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. तीन ओळी. धक्क्यावर चुकलो. सत्तावीस सत्ते एकशे एकोणनव्वद. शाळा ठीक आहे.

आठवड्यानं उत्तर आलं. कार्डाच्या दोन्ही बाजू बारीक अक्षरांनी भरलेल्या. वसतिगृहाचा भात, पाण्यातला चुना, एका प्राध्यापकांचा आवाज, फळ्याची चकाकी, पाच पायऱ्या. एकेकाचा समाचार घेतलेला. मी दिवाबत्तीच्या आत सगळं वाचून काढलं. जागा संपली म्हणून शेवटची ओळ त्यांनी कडेला, पत्त्याच्या शेजारी, आडवी लिहिली होती.

"तुझं उत्तर मला बोटीवर ऐकू आलं होतं."